अजय-अतुल : दोन भावांचे एक नाव



गेल्या स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी घडलेला एक लहानसा प्रसंग तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. आठवीतला एक आणि नववीतला एक, असे दोन सख्खे भाऊ मिळून एक गीत सादर करणार होते. तालमी उत्तम चालल्या होत्या. कार्यक्रमपत्रिका लिहिण्याची वेळ आली तेव्हा कोणाचे नाव आधी घालावयाचे, या प्रश्नावर दोघेही अडून बसले. थोरल्याने वयाचा मान पुढे केला. धाकट्याचे म्हणणे असे की, गाणे मी म्हणतो, हा नुसती पेटी वाजवितो. समजूत घालता घालता संध्याकाळ झाली, आणि शेवटी ते गीतच कार्यक्रमातून गळाले.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घोळत आहे. एकाच घरातील भावंडांनी मिळून गाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. रामायणाचे पहिले गायन रामाच्या दरबारात दोन जुळ्या भावांनी केले, असे परंपरा सांगते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, त्याचा आरंभही याच प्रसंगाने झाला होता. गंमत अशी की, त्या दोघांना कोणी 'कुश-लव' म्हणतो तर कोणी 'लव-कुश'. आणि आजवर त्यावरून कोणाचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. पण पुराणातील उदाहरणाने आजच्या मुलाचे समाधान होत नाही, हे मी अनुभवाने जाणते. म्हणून आपल्याच काळातील, आपल्याच भाषेतील दोन भावांची कथा सांगते. त्यांच्या चालींवर तुम्ही गणपतीच्या मिरवणुकीत नाचला आहात. त्या चाली कशा जन्मल्या, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

अतुल गोगावले यांचा जन्म ११ सप्टेंबर १९७४ रोजी झाला आणि अजय गोगावले यांचा २१ ऑगस्ट १९७६ रोजी. म्हणजे अतुल थोरले आणि अजय धाकटे. तथापि जोडनाव 'अजय-अतुल' असे आहे. धाकट्याचे नाव आधी! आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांना हे तेव्हाच सांगावयास हवे होते, पण मला ते उशिरा सुचले.

त्यांचे वडील महसूल खात्यात अधिकारी होते. सरकारी नोकरीत बदल्या ठरलेल्याच. त्यामुळे मुलांचे बालपण पुणे जिल्ह्यातील शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा गावांत गेले. घरात संगीताची परंपरा नव्हती, गुरू नव्हता आणि वाद्यही नव्हते. संगीताची ओढ मात्र दोघांनाही होती, आणि ती त्यांनी जशी भागविली ते मोठे लक्षात ठेवण्याजोगे आहे. गावात ज्याच्या घरी पेटी, पखवाज किंवा ढोलकी असेल त्याच्या भोवती ही मुले घोटाळत. देवळातील भजन, शाळेतील बँड, पोलिसांचा बँड, राष्ट्रीय छात्रसेनेच्या स्पर्धा, जेथे म्हणून काही वाजत असेल तेथे ती हजर. पुढे वडिलांनी त्यांना एक कीबोर्ड घेऊन दिला. ज्या घरात कोणीच गवई नाही, त्या घरातील वडिलांनी मुलांसाठी असे वाद्य आणावे, याला मी फार महत्त्व देते.

देवळातील पखवाज आणि पोलिसांचे बिगूल एकाच कानात शिरल्याचा परिणाम पुढे त्यांच्या प्रत्येक रचनेत दिसून येतो. आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वरावली चालते. गायकामागून सारंगी किंवा पेटी तिचाच माग काढीत जाते. पाश्चात्य वाद्यवृंदात याच्या उलट घडते. तेथे व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांचे ताफे, बासऱ्या व पितळी शिंगे निरनिराळे स्वर एकाच वेळी वाजवितात आणि त्या सर्वांच्या मेळातून एक भव्य इमारत उभी राहते. प्रत्येकाच्या समोर लिहिलेली स्वरलिपी असते. कोणीही मनाने काही वाजवीत नाही. या दोन पद्धतींचा संसार एका घरात मांडणे सोपे नव्हे. दक्षिणेत तो इळयराजा यांनी मांडून दाखविला, आणि अजय-अतुल त्यांना आपले दैवत मानतात.

येथे थोडे विषयांतर करावयाची परवानगी घेते, कारण इळयराजा हेही भावांच्याच मेळ्यातून वर आले. तमिळनाडूतील त्यांचे वडील बंधू पावलर वरदराजन हे गीतकार व गायक होते. कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारसभांतून ते गाणी म्हणत गावोगाव फिरत. 'पावलर ब्रदर्स' या नावाच्या त्यांच्या मेळ्यात धाकट्या भावाने कोवळ्या वयात प्रवेश केला आणि अनेक वर्षे बैलगाडीच्या वाटा तुडविल्या. १९६८ साली तो तरुण मद्रासला गेला, तेथे पाश्चात्य संगीत शिकला, आणि १९७६ साली 'अन्नक्किळी' या चित्रपटाने त्याचे नाव घरोघर झाले. आमचे अजय जन्मले तेही त्याच वर्षी. योगायोगाला अर्थ चिकटविण्याची मला सवय नाही. पण हा लिहिल्यावाचून राहवेना.

असो. गोगावले बंधूंचे पहिले मोठे काम म्हणजे २००१ सालचा 'विश्वविनायक' हा गीतसंग्रह. श्रीगणेशाची पारंपरिक संस्कृत स्तोत्रे, त्यामागे वाद्यवृंदाचा भारदस्त स्वरमेळ, आणि गावयास शंकर महादेवन व एस. पी. बालसुब्रह्मण्यम्. बालसुब्रह्मण्यम् म्हणजे तेलुगु घराघरांतील परिचित आवाज. तो एका मराठी बंधुद्वयाच्या पहिल्या कामगिरीला लाभला, याचा आपणां हैदराबादकरांना विशेष आनंद वाटावा. पाच वर्षांनी, २००६ साली, या बंधूंनी 'शॉक' या तेलुगु चित्रपटासाठीही चाली बांधल्या. मधल्या काळात, २००४ साली, केदार शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!' या चित्रपटाने मराठी श्रोत्यांत त्यांचे बस्तान बसविले होते.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे काम 'जोगवा' हे होय. २००९ साली प्रदर्शित झालेला, राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगते-जोगतिणींच्या दुःखाविषयी आहे. डॉ. राजन गवस आणि चारुता सागर यांच्या साहित्याचा त्याला आधार. असल्या विषयाला गोड चाली लावल्या तर दुःखाचा अपमान होतो, आणि नुसतेच रडगाणे केले तर श्रोता उठून जातो. या बंधूंनी जोगतिणींच्याच चौंडक्याचा आणि तुणतुण्याचा आश्रय घेतला. या संगीताबद्दल त्यांना ५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा बहुमान मिळाला. हरिहरन यांना याच चित्रपटातील गायनाबद्दल आणि श्रेया घोषाल यांना याच्यासह एका बंगाली चित्रपटातील गायनाबद्दल पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार एक, नावे दोन. आणि कोणती चाल कोणाला सुचली, हे त्या मानपत्रावर कोठेही लिहिलेले नाही.

यल्लम्मा आपणांस परकी नाही. आषाढात बोनालूच्या दिवसांत बल्कमपेटच्या यल्लम्मेच्या देवळाकडे लोटणारी गर्दी आपण पाहतो. त्या मिरवणुकीत जो डप्पू कडाडतो, तोच महाराष्ट्रातील हलगीचा सख्खा भाऊ. एका कड्यावर ताणलेले कातडे, हातात दोन काठ्या. कातडे सैल पडले की विस्तवावर धरून पुन्हा तापवावयाचे. पिढ्यान्‌पिढ्या हे वाद्य ज्यांनी वाजविले त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि त्यांच्या वाद्यालाही दिवाणखान्यात जागा दिली नाही. गावठी तालवाद्यांना व्हायोलिनच्या ताफ्याशेजारी मानाने बसविणारे संगीतकार आले, ही म्हणूनच निव्वळ करमणुकीची बाब नव्हे.

याच ठिकाणी दुसऱ्या एका बंधुद्वयाचा उल्लेख केला पाहिजे. लोकगायक प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजातील भक्तिगीते व भीमगीते मराठवाड्यातील कोणत्या गावाने ऐकली नसतील! त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांनी ध्वनिफितींच्या काळात वडिलांचा वारसा चालविला, आणि नातू आदर्श हेही आज गातात. अभिजनांनी या घराण्याची गणना बराच काळ 'संगीता'त केली नाही. २००६ सालच्या 'जत्रा' चित्रपटात अजय-अतुल यांनी 'कोंबडी पळाली' हे गीत वैशाली सामंत यांच्या जोडीला आनंद शिंदे यांनाच दिले. सहा वर्षांनी त्याच चालीने 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटात सारा देश नाचविला. चाल तीच, पण मला विचाराल तर मूळ मराठी गीतातील खणखणीतपणा हिंदीत उतरला नाही. दरम्यान, २०१० च्या पहिल्याच दिवशी 'नटरंग' प्रदर्शित झाला होता. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील या चित्रपटाने लावणी व तमाशाचा फड पुन्हा लोकांच्या ओठी आणला.

मग आला २०१६ सालचा 'सैराट'. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटासाठी दोघे बंधू अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे गेले आणि तेथील सोनी कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी मोठ्या वाद्यवृंदाचे वादन मुद्रित केले. एका भारतीय चित्रपटाचे संगीत तेथे मुद्रित होण्याचा तो पहिलाच प्रसंग असे त्या वेळी वृत्तपत्रांनी नमूद केले. करमाळ्याच्या परिसरातील शेते, विहिरी, उसाचे फड यांच्यासाठी अमेरिकेतील वादक स्वरलिपी समोर ठेवून व्हायोलिन वाजवीत आहेत, हे दृश्य नुसते डोळ्यांसमोर आणा! पोरवयातील प्रेमाला इतका भव्य स्वरमेळ कशाला, असे काहींनी विचारले. मला वाटते, ज्या मुलाला त्याच्या जातीमुळे गावात किंमत नाही, त्याच्या मनात मात्र राजेशाही वाद्यवृंद वाजत आहे, हेच त्या संगीताने सांगितले.

वयाने मोठे असलेल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्रपटातील चारही गाणी पूर्वार्धात आहेत. नायक-नायिका गावातून पळून जातात ती आपल्या हैदराबादेस. येथील एका गरीब वस्तीत त्यांचा संसार सुरू होतो. आणि येथे आल्यापासून एकही गाणे नाही. आपल्या शहराच्या वाट्याला गाणे का आले नाही, म्हणून मी प्रथम थोडी खट्टू झाले होते. पुढे उमगले की, भाड्याच्या खोलीत चूल पेटविताना मनातील व्हायोलिन थांबते, हे दाखविण्यासाठी संगीतकाराने हात आवरता घेतला पाहिजे. सुरांचा इतका मोठा खजिना जवळ असताना गप्प राहणे, हेही संगीतच.

आता पुन्हा नावाच्या प्रश्नाकडे वळते. श्रोत्यांच्या कानी अजय यांचा आवाज अधिक पडतो, कारण अनेक गीते ते स्वतः गातात. अतुल यांचा आवाज वेगळा काढून ओळखणारे श्रोते त्या मानाने थोडे. जो गातो तो दिसतो, हा जगाचा रिवाज. तरीही २००१ पासून आजपर्यंत ते जोडनाव तुटलेले नाही. हे सहज घडत नाही, हे समजण्यासाठी दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण दूरचे. अमेरिकेत गॅरी नावाच्या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात जॅक्सन नावाचे कुटुंब राहत असे. वडील कारखान्यात यारी चालवीत. जॅकी, टिटो, जर्मेन, मार्लन व मायकेल या पाच भावांचा मेळा 'जॅक्सन फाइव्ह' या नावाने प्रसिद्धीस आला, आणि १९६९-७० या काळात त्यांच्या मोटाऊन कंपनीने काढलेल्या पहिल्या चारही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत लोकप्रियतेच्या अग्रस्थानी पोहोचल्या. परंतु शिस्त वडिलांच्या माराची होती, हे मायकेल यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. १९७५ साली भावांनी ती कंपनी सोडावयाचे ठरविले तेव्हा कळले की 'जॅक्सन फाइव्ह' हे नाव कंपनीच्या मालकीचे आहे! जर्मेन कंपनीच्या मालकाचा जावई. तो मागेच राहिला. त्याच्या जागी धाकटा रँडी आला आणि उरलेल्यांनी 'द जॅक्सन्स' असे नवे नाव घेतले. भावांनी भावांचे नाव गमावले ते भांडणाने नव्हे, करारपत्र नीट न पाहिल्याने. वाणिज्य शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद करून ठेवावी.

दुसरे उदाहरण आपल्या शहराशी जोडलेले आहे. मेवाती घराण्याचे पंडित मोतीराम १९३४ साली हैदराबादेत निवर्तले. निजामाच्या दरबारी गायक म्हणून त्यांची नेमणूक व्हावयाची, त्याच दिवशी. तेव्हा त्यांचे पुत्र जसराज अवघे चार वर्षांचे होते. थोरले बंधू मणिराम यांनी त्यांना गायन शिकविले, मधले प्रताप नारायण यांनी तबला. मणिराम गात आणि जसराज तबल्याची साथ करीत, असा काही काळ गेला. पुढे जसराज स्वतः गायक म्हणून जगन्मान्य झाले, तरी वडिलांच्या व थोरल्या बंधूंच्या नावाने ते हैदराबादेत संगीत समारोह भरवीत राहिले. त्याच प्रताप नारायण यांचे पुत्र जतिन व ललित. या जोडीने १९९० च्या दशकात हिंदी चित्रपटसंगीत गाजविले आणि २००६ साली ते विभक्त झाले. त्यांच्या घरातील गोष्ट त्यांच्यापाशी. पण श्रोता म्हणून मला इतकेच जाणवले की, पुढे दोघांनी वेगवेगळे काम केले, तरी ते जोडनाव ऐकून मनात जे काही हलत असे, ते पुन्हा हलले नाही.

हे सारे मी तिऱ्हाइताच्या अलिप्तपणे लिहीत आहे, असे समजू नका. आमचे घर कारवारचे, घरची बोली कोंकणी. माझ्या दोघा भावांमध्ये एकच जुनी पेटी होती, तिचा भाता एका हाताने ओढवत नसे इतकी जड. म्हणून थोरला भाता हलवी आणि धाकटा स्वर वाजवी. देवळात भजनाला सारे जण धाकट्याचे कौतुक करीत. एका वर्षी एका स्पर्धेत बक्षीस मिळाले आणि प्रमाणपत्रावर नाव एकट्या धाकट्याचे आले. थोरला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने भात्याला हात लावला नाही, एवढेच. आई म्हणाली, "भावाक सांग गो, पेटी उगी रावता." मी सांगितले, उपयोग झाला नाही. ती पेटी अजून घरी आहे. धाकट्याने पुढे नवी, हलक्या भात्याची पेटी घेतली, आणि ती तो चांगली वाजवितो.

म्हणूनच त्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेवरून दोन मुले अडून बसली तेव्हा मला राग आला नाही. एकाचे म्हणणे खोटे नव्हते, दुसऱ्याचेही नव्हते. अजय-अतुल यांनी ही गाठ कशी सोडविली हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. आपल्याला दिसते ते इतकेच की, धाकट्याचे नाव आधी आले म्हणून थोरल्याने भाता सोडला नाही.

ज्यांना अधिक अभ्यास करावयाचा असेल त्यांनी 'जोगवा' आणि 'सैराट' यांतील गीते एकामागून एक ऐकावी. पहिल्यांदा ऐकताना केवळ तालवाद्यांकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा केवळ व्हायोलिनच्या ताफ्याकडे, आणि तिसऱ्यांदा दोन्ही मिळून. गुजराती गल्लीत मिळणारा साधा ध्वनिवर्धक यास पुरेसा आहे; भ्रमणध्वनीच्या बारीक छिद्रातून चेलो ऐकू येत नाही. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी संगीताच्या खोलीत असते. गेल्या वर्षी ज्यांचे गीत राहून गेले त्या दोघांनीही यावे. पेटी मात्र तेथे एकच आहे.